कोष्ट्याला वाटलेलं कापड

अमरावती, रविवार, जानेवारी १८६४

चर्चमधली मिस्सा झाल्यावर आम्ही चार कॅथलिक मंडळी गरिबांना वाटायला मुंबईहून आलेलं विलायती कापड घेऊन निघालो. आणि पहिलं दिलं कोणाला? गणू कोष्ट्याला! माझ्या शाळेला लागूनच त्याचा माग. मुलं श्लोक म्हणायची ती त्याच्याच ठेक्यावर. किती गोड दिवस ते! आता सारा कापूस मुंबईला चालला, सूत परवडेना, माग बंद.

गणूनं कापडाचा काठ बोटांत चोळून पाहिला. "मास्तर, कापड काहून देऊन राहिले? सूत द्या मले. नाही तं उद्या माग मोडून सरपण इकतो."

आमचे पुढारी पेद्रूबाब म्हणाले, "अन्नवस्त्र द्यायचं, धंद्याचा माल नाही. नियम आहे."

"मंग हलवायाले पेढे वाटा, सायेब!"

बोलताना तो काठ चोळतच होता. ती बोटं डोळ्यांपुढून हलत नाहीत. नियम मोडा, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? या वयात भीती कसली, कोणाची?

परतल्यावर प्रार्थना. आवाज चांगला म्हणून मलाच पुढे म्हणायला सांगितलं. म्हटली की मीही, अगदी खणखणीत.