पोटावरची रेघ

११ नोव्हेंबर २००३, नोएडा

श्री मागून लिहीन, आधी हे. तीस तास गाडीत हाडं खिळखिळी करून उतरले, तर मुलगा स्टेशनवर नाही. ड्रायव्हर पाठवलेला. त्याच्या हातात पाटी, पाटीवर माझं नाव, 'द्वारका'. दोन सरदारजी येऊन त्याला भाडं विचारून गेले. त्यांना वाटलं गाडी दिल्लीतल्या द्वारका नावाच्या वस्तीला चाललीय.

श्री.

घर मात्र झकास. नळाला गरम पाणी, गच्चीवर दिवसभर ऊन. वस्तीला नाव नाही, नुसता नंबर. विश्वास रात्री जेवायला आला, पाया पडला, तेव्हा राग निम्मा केला. सून वृंदा हिने खालच्या खोलीत दवाखाना थाटलाय. दवाखाना म्हटलेलं तिला चालत नाही, क्लिनिक म्हणायचं. नात तनया सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आल्या दिवसापासून माझ्याच अंथरुणात. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, हा इथला कायदा. पोर उंबरा ओलांडते आणि चप्पल बदलावी तशी भाषा बदलते. ही वही तिनेच दिली. मी चौथी शिकलेली, म्हणजे तिच्यापेक्षा तीन यत्ता पुढे.

१६ नोव्हेंबर

यंत्र पाहिलं. उभा पांढरा डबा, त्याला सोंड, सोंडेच्या टोकाला काचेचा पेला. पेला अंगावर टेकवला की कातडी आत ओढली जाते, कणकेची लाटी चिमटीत धरावी तशी. मग तो हळूहळू सरकवायचा. घट्ट झालेले व्रण मोकळे होतात, मांड्यांवरच्या खळ्या जातात, सैल कातडी आवळते, असं वृंदा सगळ्यांना सांगते. मोठमोठ्या गाड्यांतून बायका येतात. आमच्या वेळी मांड्या कुणी बघतच नव्हतं, म्हणून त्या ठीक होत्या.

फरीदाबादहून पद्मजा येते. पन्नाशीची, बँकेत नोकरी. खांद्यापासून कोपरापर्यंत दोरखंडासारखा जाड व्रण. स्कूटर घसरली, ही वाचली, नवरा जागच्या जागी गेला. सांगता सांगता माझा पदर भिजवला. मी चहा केला, दोन चमचे साखर जास्त घातली.

७ डिसेंबर

पद्मजाचा हात गुळगुळीत झाला. वृंदाच्या हाताला गुण आहे, हे कबूल. मी पद्मजाला म्हटलं, बरं झालं बाई, आता ती स्कूटर डोळ्यांसमोर यायची नाही. ती म्हणाली, कुठली स्कूटर? मी तर जन्मभर बसने हिंडतेय, मावशी. मग मी नवऱ्याचं विचारलं. तर ती लाजली. म्हणाली, घरचे अजून स्थळं बघतायत.

पन्नाशीची बाई लाजली. मला थट्टा कळते. ही थट्टा नव्हती.

वृंदाला सांगितलं. ती म्हणाली, आई, माणसं दुःख विसरली तर चांगलंच की. दुःख विसरणं निराळं. नवरा झालाच नाही म्हणणं निराळं. आता त्या पेल्यावर नजर ठेवलीय.

१४ डिसेंबर

दुपारी वृंदा दार लावून घेते. मी फटीतून पाहिलं. हो, पाहिलं, लाज कसली. पेला स्वतःच्या पोटावर फिरवत होती. तनयाच्या वेळी पोट कापलं होतं, त्याची आडवी रेघ. निम्मी पुसली गेलीय.

संध्याकाळी बजावलं, ती रेघ राहू दे. ती म्हणाली, पोट माझं आहे. विश्वासच्या कानावर घातलं. तो म्हणाला, तू आल्यापासून सगळ्यांवर संशय घेतेस, दूधवाल्यावरसुद्धा. दूधवाला पाणी घालतोच.

१९ डिसेंबर

शाळा बाराला सुटली. तनयाला आणायला वृंदा गेलीच नाही. तीन वाजता शाळेचा चौकीदार पोरीला घेऊन आला. वृंदाने फाटक उघडलं आणि त्याला विचारलं, किसके यहाँ जाना है. मग हसली. म्हणाली, डोक्यात नुसत्या अपॉइंटमेंटा भरल्यात. हसली खरी, पण उशिरा हसली.

३ जानेवारी २००४

विश्वास ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे अमेरिकेला गेला. शाळेला थंडीची सुट्टी. वृंदा दोनच ताटं घेते. मी तिसरं मांडलं की विचारते, कुणी येणार आहे का.

तनया आईच्या मागे मागे फिरते. रेघ आता चार बोटं राहिली.

८ जानेवारी

आज वृंदा तनयाशी हिंदीत बोलली. घरात. बेटा, आपका घर कौन से ब्लॉक में है.

पोरीला वाटलं खेळ आहे. तिनेही हिंदीतच उत्तर दिलं.



११ जानेवारी

मी यंत्राची वायर कापली. दुरुस्तीचा माणूस आला, जोडून गेला.

विश्वासला फोन लावला. वृंदाने आधीच सांगून ठेवलंय, आईंचं डोकं थोडं — वय झालंय म्हणे. तो मला औषधाचं विचारत बसला.

१३ जानेवारी

पद्मजा रडत आली. बसच्या दाराने हात सोलला, नेमका जुन्या जागी. आणि तिथेच रस्त्यावर तिला नवरा आठवला. गुणवंत नाव त्याचं. आजच मेल्यासारखी ओरडत होती. तिला तो नकोय. पुन्हा पुसून द्या म्हणाली. वृंदाने उद्याची वेळ दिली.

म्हणजे कातडीवर खूण परत उठली की माणूस पण —

तर हे असं आहे.

१४ जानेवारी

वृंदाने कुठल्याशा संस्थेला फोन केला. एक हरवलेली मुलगी आमच्याकडे राहतेय, घेऊन जा. चार वाजता येतायत. मी ओरडून सांगेन, ही माझी नात. पण आई नाही म्हणते, बाप परदेशात, आणि मी म्हातारी, वायर कापणारी. कोण ऐकतंय.

रेघ दोन बोटं. ती आज संपवणार.

साडेतीन

तनयाला गच्चीवर पाठवलं, उन्हात. चित्रं काढ म्हटलं. दाराला आतून कडी घातली.

उलथनं गॅसवर. लाल नको, नुसतं तापलेलं. बोटभर पुरे, जुन्या रेघेच्याच जागी —

वृंदा हाक मारतेय. शेवटचं टोक पडून दिसत नाही, पेला धरायला या म्हणतेय. डोळे मिटून पडलीय, पोट उघडं —

ही सून मला कधी फार आवडली नाही. पण त्यासाठी नाही हे. पोरीला आई —

फाटकाशी गाडी

कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारायचं. उत्तर मी देणार. पोरीला कुणी एक शब्द विचा—