अंबुबाईच्या नातवाचं औषध

गुवाहाटी, ८ जुलै

ती. ताईस नवनाथचा सा. न. वि. वि.

तर तू पुन्हा गप्पच बसलीस ना? मागल्या पत्रातही मी हेच बोललो होतो. घरमालकीण अंबुबाई माझ्या भाचीला, दिव्याला, नळावरून हाकलते, साऱ्या चाळीसमोर 'सडकी' म्हणते, महिनाअखेर खोली खाली करा म्हणते, आणि तू मुकाट घागर भरतेस. दाजी रात्रपाळीत, मी इथं यार्डात चाकणच्या नव्या गाड्या उतरवतोय, म्हणून तिला वाटतं तुला कुणी नाही. येऊ दे मला चऱ्होलीत, मग बघतो. फोनवर तू नुसती हूं हूं करतेस, पत्र्याच्या भिंतीला तिचा कान असतो ना. म्हणून गाड्या घेऊन आलेल्या दत्तोबा ड्रायव्हरच्या परतीच्या ट्रेलरवर पत्र देतोय. पोरीच्या तोंडाला नक्की काय झालंय ते लिही.

माया आहेच, सध्या राग जास्त आहे.

नवनाथ

चऱ्होली, १६ जुलै

चि. नवनाथ यास अ. आ.

राग गिळ जरा. दिव्याच्या नाकाखाली फोड आले, फुटले, त्यावर मधासारखी पिवळी खपली धरली. मी नागीण समजून गेरू लावत बसले. मेडिकलवाल्या मिनलताईंनी बघताच ओळखलं. इम्पेटिगो म्हणतात, त्वचेचा संसर्ग आहे, हाताला हात नि टॉवेल लागून पोरापोरांत पसरतो. पोर लहान म्हणून आधी डॉक्टरकडे धाडलं, मग चिठ्ठीवर मलम दिलं. साबणाच्या कोमट पाण्यानं खपली भिजवून अलगद पुसायची, मलम लावायचं, आपले हात धुवायचे. नखं कापली, टॉवेल वेगळा केला, सुकेपर्यंत बालवाडी बंद. ताप आला किंवा पसरलं तर लगेच परत डॉक्टरकडे. आता चेहरा निवळतोय.

पुढचं ऐक. संध्याकाळी अंबुबाई अंगणातल्या पोरांना काजळाची तीट लावते. दिव्याला पहिले फोड आले तेव्हा, हाकलायला लागायच्या आधी, नजर लागली म्हणून तिला लावली, नि तेच बोट नातवाच्या गालाला. आता त्या नातवाला, क्षितिजलाही तसंच झालंय. ती त्याला दाराआड लपवून राख चोळते. पोर रडतं ते इकडं ऐकू येतं. त्याचं बरं झालं नाही तर दिव्याला परत होईल, असं मिनलताई म्हणतात. त्याला डॉक्टरकडे न्या म्हणून सांगू का तिला?

ताईवरचा जीव असाच राहू दे.

वर्षाली

गुवाहाटी, २४ जुलै

ती. ताईस सा. न.

वाचून आधी पोटभर हसलो. माझ्या मनाला विचारशील तर सांगू नकोस, चोळू दे राख. पण दिव्याला परत झालेलं मला चालणार नाही. म्हणून सांग, पण माझ्या पद्धतीनं. नळाला साऱ्या बाया जमल्या की मोठ्यानं म्हण, "अंबुबाई, नातवाला लपवू नका. डॉक्टरकडे चला, औषधाचे पैसे दिव्याच्या मामानं धाडलेत." हळू बोललीस तर माझी शपथ आहे. तिनं पैसे परत केले तरी घ्यायचे नाहीत, जन्मभर तिच्या छातीवर राहू देत. पुन्हा खोलीचा विषय काढला, की तू औषधाचा काढ.

दिव्याला पापा. तुझ्या भित्र्या स्वभावाला नमस्कार.

नवनाथ

ता. क. मोबाईलवरून धाडले तर कुणाला दिसत नाहीत, म्हणून दत्तोबाजवळ नोटाच देतोय. तिच्या हातावर एकेक मोजून ठेव. सहाशे रुपये.