डाव्या मुठीतली सुपारी

२८ सप्टें., रवि.
सासूबाई आज परत, "पुण्यात जन्म गेला आणि गाडी येत नाही, कमाल आहे बाई तुझी!" मी हसले. काय सांगणार? उजव्या हाताने ॲक्सिलरेटर पिळला की डावाही ब्रेक आवळतो. उजवा करेल ते डावा करतो, आपोआप, जन्मापासून. नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. सासूबाईंना माहीत नाही. चारचौघांत डाव्या मुठीत रुमाल घट्ट धरायचा, ही आईची शिकवण.

२ ऑक्टो., दसरा
लेकीची, सईची, पहिली पाटीपूजा. एकचे आकडे काढून सरस्वती काढत होती, जीभ बाहेर. डाव्या हाताची बोटं मांडीवर तीच सरस्वती गिरवत होती. सासूबाई म्हणाल्या, "डावा हात स्वस्थ ठेव गं, सयू." मी विड्यावरची सुपारी उचलून तिच्या डाव्या मुठीत दिली. "घट्ट धर." अगदी आईसारखी. नंतर बाथरूमचा नळ सोडून रडले.

९ ऑक्टो.
डॉक्टर. सईला एकेका बोटाला अंगठा टेकवायला लावला, मग मला. माझं तिच्यात उतरलं असेल किंवा नसेलही. "पाच वर्षांच्या मुलांत थोडं असतंच, वाढताना जातं. हिचं जातंय का, ते थांबून बघू."
थांबून. नुसता राग येतोय, बहुधा माझ्याच हातांचा.

१२ ऑक्टो.
विश्रांतवाडीहून आईचा फोन. सांगितलं. "पुढे लग्नाच्या वेळी बघतात गं लोक. आत्तापासून सवय लाव."
पाच वर्षांची आहे ती, आई! आईने सगळं माझ्यासाठीच केलं, कळतं. तरी

१८ ऑक्टो., शनि.
सकाळी सई पाटी घेऊन आली. "आई, सुपारी दे ना, मला लिहायचंय."
देवघरापर्यंत गेलेसुद्धा. मग परत फिरले. रुमाल खुर्चीवर टाकला, तिच्याशेजारी बसले, हात टेबलावर. "सुपारी नको. मीपण लिहिते, बघ."
तिने नाव लिहिलं, मीही. माझा डावा हात टेबलावर नुसताच "सई" काढत राहिला, उलटं.
"आई, तुझ्या हातालापण सोबत लागते?"
"हो."
"मोठी झालीस तरी?"
"माझ्या हाताला लागते. तुझं बघू."
मान वर केली तर दारात सासूबाई, हातात चहाचा कप. कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे. माझ्या डाव्या हाताकडे बघत होत्या.
मी हात काढला नाही.