लाल किल्ला सोमवारी बंद असतो

आष्टी, ता. परतूर, जि. जालना
दि. २ मार्च २०२४

चि. वंदनास आईचे अनेक आशीर्वाद.

जावईबापू आणि लेकरं खुशाल असतील. इकडे सगळे ठीक. हरभरा काढून झाला. म्हैस आटलीय, त्यामुळे तुझी वहिनी विकतचं दूध आणते आणि रोज त्याला नावं ठेवते. आदिनाथची कंबर धरली होती, आता बरी आहे.

फोनवर मी दिल्लीचं नाव काढलं की तू रडतेस आणि फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र. कागदाला काही मधेच तोडता येत नाही.

तुझे अण्णा दिवाळीनंतर दिल्लीत हरवले, एवढं सगळ्या आष्टीला माहीत आहे. पण हरवायच्या आधी त्यांनी तिथे काय पाहिलं, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. पोलिसांनी उंची विचारली, सदऱ्याचा रंग विचारला. तूही विचारलं नाहीस. तर ऐक.

इंडिया गेट पाहिलं. भिंतीवरची नावं पाहून म्हणाले, "एवढे सगळे मेले?" आणि चपला काढून उभे राहिले. राष्ट्रपती भवन लांबूनच दाखवतात. ते पाहून त्यांनी भिवाला विचारलं, "इथं झाडलोट कोन करतं रे?" सगळी गाडी हसली. भिवा म्हणजे जांब समर्थचा तो यात्रावाला पोरगा, त्याच्याच गाडीने गेलो होतो. पण अण्णांना पाहायचा होता लाल किल्ला. दर पंधरा ऑगस्टला टीव्हीसमोर आपल्या सगळ्यांना उभं करायचे ते आठवतं ना? गेल्या वर्षी तुझं नाव विसरले, आदिनाथला पाहुणा समजले, पण झेंडा लागताना बराबर उभे राहिले. तू नको म्हणत असताना मी त्यांना नेलं ते यासाठीच. त्यांना कळतंय तोवर दाखवावं म्हणून.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो. आम्ही सोमवारी पोचलो. भिवाला हे माहीत नव्हतं, मला कुठून असणार. बाहेरच्या कठड्याला धरून अण्णा किती तरी वेळ उभे. हलेचनात. मी म्हणाले, "उद्या उघडतो. उद्या दाखवते, चला." तेव्हा कुठे गाडीत बसले.

मग कुतुबमिनार. भिवाने सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिल्या होत्या, आत त्याचा फोन नंबर लिहून. कुणी चुकू नये म्हणून. मिनार पाहायला अण्णांनी मान वर केली आणि टोपी खाली पडली. मी उचलून झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली. माझा त्यांना लागलेला हात तो शेवटचा. बायकांच्या संडासाला मोठी रांग होती. जाताना बजावलं, "पिवळ्या टोपीवाल्यांना सोडू नका." त्यांनी माझं अगदी ऐकलं गं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. तिथे मध्य प्रदेशातली दुसरी एक यात्रा होती, त्यांच्याही टोप्या पिवळ्याच. त्यांच्या मागे गेले आणि त्यांच्या गाडीत बसले.

पोलिसांना आम्ही पिवळी टोपी, पिवळी टोपी सांगत राहिलो. आणि संध्याकाळी भिवाला त्या गाडीतल्या एका बाईचा फोन आला. म्हणाली, गाडी गर्दीत थांबली तेव्हा म्हातारबाबांनी सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहिली, टोपी काढून सीटवर ठेवली आणि उतरून गेले. टोपीत नंबर दिसला म्हणून फोन केला. टोपी तिने पार्सलने पाठवली. आपल्या घरी टोपी तेवढी आली.

एक गोष्ट मी आदिनाथला सांगितलेली नाही. त्या बाईने फोनवर मला विचारलं होतं, "ये उषा कौन है?" उतरताना अण्णा एकेकाला विचारत होते म्हणे, उषा कुठंय, उषा कुठंय. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. आधी "ऐकलं का", मग "वंदनाची माय". मला वाटायचं, आजारात माझं नावही गेलं असेल. ते नाव त्यांनी परक्या गाडीत घेतलं आणि ओ द्यायला मी नव्हते. तेव्हापासून कुणी "उषाबाई" म्हटलं की मी आधी दाराकडे पाहते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. शिवरात्र झाली की अमावास्येला भावकीने अण्णांचा दर्भाचा पुतळा करून जाळायचं ठरवलंय. आदिनाथला बोल लावू नको. दोनदा दिल्लीला जाऊन भिंतीभिंतींवर फोटो चिकटवून आला. परवा माझ्या पायाशी बसून म्हणाला, "माय, किती वाट पाहून राह्यलीस? थंडीत ते कुठं राह्यले असतील? त्यांच्या जिवाला गती तरी मिळू दे." पोरगं हमसून रडलं. मी त्याला बरं म्हणाले. त्याचं खोटं नाही. अण्णा सापडतील असं मलाही आता वाटत नाही, वंदना. त्या शहरात धडधाकट माणूस हुडकायचा म्हटलं तरी जन्म जाईल. पण मी बसून असताना त्यांना पेटवलेलं मला पाहवणार नाही.

भिवाची गाडी आज दुपारी परतूरहून निघतेय. जाता जाता हे पत्र टाकीन. मला न्यायला भिवा कबूलच होत नव्हता. शेवटी म्हणाला, "मावशी, न्हेतो. पन वापस आनायची जबाबदारी माझी." मी हो म्हणाले. पोराला फसवलं.

लाल किल्ल्यासमोर त्या कठड्यापाशी बसेन. उद्या दाखवते म्हणाले होते, तेवढं त्यांच्या ध्यानात राहिलं असलं तर तिथेच येतील. नाही आले तरी मी तिथेच. टोपी मात्र घालणार नाही. सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच होती, त्यात माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

घराची किल्ली वहिनीकडे आहे. माझी लुगडी तू ने. परतीच्या गाडीत मी नसले तर आदिनाथला माझ्यामागे धाडू नको, त्याची कंबर धरते.

पत्राखाली आजवर तुझी आई एवढंच लिहीत आले. आज नाव लिहिते.

उषा