घरांच्या काचा की गाळ्यांच्या

१२ सप्टेंबर
कर्जतला एकाच बिल्डिंगीत दोन फ्लॅट. पावसाळाभर बंद राहिलेल्या सरकत्या खिडक्या, खाचांत शेवाळ. जुन्या टूथब्रशने खरवडून काढलं. मी आतून, नणंद रंजनाताई बाल्कनीतून. डाग राहिला की ती काचेवर बोट ठेवते, मी पुसते, ती मान हलवते, म्हणजे अजून आहेच. शेवटी डाग तिच्या बाजूला निघतो. मग दोघी हसत बसतो.
दुसऱ्या फ्लॅटमधल्या आजींनी आळूवडी दिली. ताईला वाटीत घालून घरी न्यायलाही दिली. मला नाही.

१४ सप्टेंबर
चष्म्याच्या दुकानाचे काका (पुढे नुसतं च.का.) विहाराबाहेर भेटले. नव्या बिल्डिंगीतल्या बारा गाळ्यांचं ते बघतात. सोम-बुध-शुक्र, सकाळी सात ते दहा, सगळ्या दर्शनी काचा. शिवाय मंगळ-गुरु साजगावला त्यांच्या भाच्याच्या कारखान्याचं ऑफिस. वर्षभर काम. अट एवढीच की दोघी हव्यात, आणि दिवाळीच्या तोंडावर सुट्टी नाही.
आणि घरांच्या गिऱ्हाइकांना नेमकं दिवाळीच्या तोंडावरच हवं असतं. म्हणजे एक धरायचं तर दुसरं सोडायचं.
दसऱ्याच्या आत सांगा म्हणाले.

१५ सप्टेंबर
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बारमाही काम आहे, मागे का सरतेस?
कारण ताई. ह्यांचीच बहीण, पण ह्यांना दिसत नाही. भाऊजी आजारात गेले आणि ती साजगाव सोडून इकडे भिवपुरीला आली त्याला चार वर्षं झाली. पहिलं वर्ष कोपऱ्यात बसून. काच एकटीने होत नाही असं खोटंच सांगून मी तिला कामावर नेलं. घरोघरच्या बायका बोलायला लागल्या, तेव्हा कुठे ही तोंड उघडायला लागली. गाळ्यांत कोण बोलणार तिच्याशी? आणि साजगाव तर नकोच. भाऊजींची सगळी नोकरी तिथे झाली. त्याच रस्त्याने तिला आठवड्यातून दोनदा न्यायचं?
हे म्हणाले, "तिलाच इचार की."
नाही विचारलं.

१९ सप्टेंबर
च.का. म्हणाले, आठवडाभर करून तर बघा. परवा आणि आज गेलो.
काम सोपं. ना ग्रिल, ना जाळी, ना पडदे. मिठाईवाल्याच्या काचेवर खालच्या हातभर भागात मुलांच्या बोटांचे ठसे, नाकाचेसुद्धा. मोबाइलवाल्याकडे जुन्या स्टिकरचा डिंक, तो ब्लेडच्या पात्याने काढला. दहाच्या आत मोकळ्या. पण मला करमलं नाही. नऊ नंबरच्या गाळ्याचा माणूस शटर वर करून आत गेला तो "झालं का?" एवढंच बोलायला बाहेर आला.
ताई मात्र साडीवाल्याच्या पुतळ्याचा पदर नीट कर म्हणून आतल्या मुलीला काचेतून खुणा करत होती. मग ती मुलगी बाहेर आली, दोघींनी मिळून तीनदा पदर बदलला.
मला बरं वाटावं म्हणून उगीच करते का हे?

२५ सप्टेंबर
दहिवलीचा बंगला. नवी सून घरात, गोड पोर. ताई शिडीवर, ही खाली शिडी धरून उभी, गप्पा चालू. तिने विचारलं, एवढ्या उंचावर चढता, तुमच्या मिस्टरांना चालतं?
ताई म्हणाली, "चालतं."
मी आतल्या बाजूला होते. हातातला वायपर तसाच काचेवर राहिला, पाणी ओघळत खाली.
ताईने माझ्याकडे बघितलं नाही. सगळं काम नीट केलं, कोपरेसुद्धा.  

२८ सप्टेंबर
रविवार. वंदना झाल्यावर विहाराच्या खिडक्या करायला थांबलो, दसऱ्याला गर्दी होते म्हणून. बाकी सगळे गेले होते.
तिसऱ्या खिडकीपाशी मी विचारलं. त्या दिवशी असं का म्हणालात?
ती पुसत राहिली. मग म्हणाली, दर घरी विचारतात गं. वाईट मनाने नाही, चहा देता देता. खरं सांगितलं की त्यांचं तोंड उतरतं, मग मलाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं. म्हणून आता चालतं म्हणते. त्या आळूवडीवाल्या आजींना तर सांगितलंय की ते गावी शेतीकडे असतात.
मी म्हटलं, मग घरांना येता कशाला?
"तुझ्यासाठी. तुला त्या बाया आवडतात. घरी येऊन सगळ्यांच्या गोष्टी सांगतेस, तवा तुझं तोंड बघावं."
मी तिला गाळे का नको होते ते सांगितलं. साजगावचंही. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली.
"सुजाता, साजगावात मला समदे वळखतात. तिथं कोणाला काय सांगाया लागत नाय."
मग मला रडू आलं आणि तिला हसू. फडका काचा पुसायचा होता, तोच दिला तिने मला तोंड पुसायला.
म्हणजे तीन वर्षं मी तिच्यासाठी घरं धरून होते आणि ती माझ्यासाठी. आणि खरं सांगायचं तर तिचं नाव पुढे करून मी माझंच मन सांभाळत…

२९ सप्टेंबर
ताईचं म्हणणं, ती गाळे नि साजगाव घेईल, मी घरं ठेवावीत. च.का. दोघी हव्यात म्हणतात, तर साडीवाल्याकडची ती मुलगी सकाळी यायला तयार आहे, असं कळलं. ताईने तिला आधीच विचारून ठेवलं होतं, पुतळ्याच्या दिवशीच!
मला राग यायला हवा होता. रात्री पोळ्या करताना नुसतीच तिच्याकडे बघत होते.
घरांना मी कोणाला नेऊ? तिच्यासारखं काचेपलीकडून बोट ठेवणारं कोण…

३० सप्टेंबर
ताई सकाळी साजगावला गेली, ऑफिस बघायला. एकटी. कर्जतपर्यंत शेअर रिक्षा, पुढे एसटी. स्कूटीवर सोडते म्हटलं, तर नको म्हणाली. भाऊजींनी घेतलेली निळी साडी नेसली होती. चार वर्षांत पहिल्यांदा. ह्यांनी बघितलं, तिच्या चपला तेवढ्या पुसून दारात ठेवल्या.
अकरा वाजून गेले. अजून फोन नाही. मीही करत नाही.
आत्ता पोशीरहून एका बाईंचा फोन आला. नवं घर आहे, सोळा खिडक्या, दिवाळीआधी हवंय. बोलायला छान वाटल्या. लगेच विचारलं, "तुम्ही किती जणी येता?"
म्हटलं, संध्याकाळी सांगते.