एका जाळीच्या दोन नोटिसा

मी, खाली सही करणार, वय अडुसष्ट, कपड्यांच्या कारखान्यातील आस्थापना विभागाचा निवृत्त मुख्य कारकून, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि बऱ्यापैकी आनंदाने लिहीत आहे. मुलाला मी भ्रमिष्ट वाटतो, म्हणून डॉक्टरांचा शेरा शेवटी घेतला आहे.

राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलाला मिळावे, पण पुढची अट पाळली तरच. मला त्याने मागची खोली दिली आहे. साडेआठला जेवण, उशीर झाला की ताट उचलतात. नऊला दिवा बंद. माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, याच घरात अकराला जेवतात आणि टीव्हीसमोर घोरतात. विचारले तर मुलगा म्हणतो, "बाबा, नियम म्हणजे नियम." हे वाक्य त्याने माझ्याकडूनच उचलले आहे.

मागची खोली व्याह्यांना द्यावी, नियमांसकट.

"नियम म्हणजे नियम" हे मी अकरा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या एका कटरला ऐकवले होते. कापड कापायच्या यंत्राला बोटे वाचवणारी जाळी असते. ती लावली की दिवसाचे काम पुरे होत नाही, म्हणून सगळेच काढून ठेवत आणि साहेब येताना दिसले की बसवत. एके दिवशी साहेब मागच्या दाराने आले. यंत्रावर कटर आणि माझा मुलगा होते. साहेबांनी दोघांनाही नोटीस काढायला सांगितली. मी दोन्ही टाइप केल्या, सह्या घेतल्या, एक दिली आणि एक फाडली. कटर बडतर्फ झाला. मुलगा आज त्याच विभागाचा प्रमुख आहे.

कटर माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "जाळी दोघांनी मिळून काढली हो. मग घरी मी एकटाच का?" पुढे कामगार न्यायालयात त्याच्या वकिलाने तेच विचारले. त्याच चुकीसाठी दुसऱ्याला सोडले असेल तर कटरची बडतर्फी टिकणे कठीण, हे मला पक्के ठाऊक होते. साहेब तोवर वारले होते. मी शपथेवर सांगितले, यंत्रावर कटर एकटाच होता. तो खटला हरला.

फाडलेल्या नोटिशीची कार्बन प्रत मी ठेवली. मुलगा डोईजड झालाच तर असावी म्हणून. झाला.

माझ्यामागे मुलाने ती प्रत आणि माझा हा कबुलीजबाब स्वतःच्या हाताने कटरला नेऊन द्यावा. नोकरी जाईल, घर मिळेल. न दिल्यास घर कटरचे.

मला कटरची दया आली असे कोणी समजू नये. त्याच्या अपिलाची शेवटची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. काल तो माझ्या खिडकीशी उभा होता. "आता तरी खरं सांगा. यानंतर मला कोणी विचारणार नाही." प्रत माझ्या खाटेखालच्या ट्रंकेत होती. पण हयातीत दिली तर खोट्या साक्षीसाठी मला तुरुंग. मेल्यावर कोण पकडणार? "बघू," म्हणालो. सुनावणीनंतर ती प्रत त्याच्या फारशा कामाची नाही. मुलासाठी पुरेशी आहे.

ठिकाण: मागची खोली. दिनांक: सात मार्च.
सही: मुख्य कारकून (निवृत्त)

साक्षीदार पहिला: व्याही. टीव्हीवरची नजर न काढता सही केली.

साक्षीदार दुसरा: डॉक्टर. शेरा: रुग्ण पूर्ण शुद्धीत. नाडी, रक्तदाब उत्तम. अजून दहा वर्षे काळजी नाही.