रुमालाखालचं बोलणं

११ फेब्रुवारी

आलो बाबा एकदाचा! मेहसाणा मागे पडलं तसा खिडकीतून जिऱ्याचा वास यायला लागला आणि स्टँडवर उतरेपर्यंत शिंकून शिंकून नाक लाल झालं. शेजारची म्हातारी म्हणाली, नवा दिसतोस दीकरा, इथल्या माणसाला शिंक येत नाही, आली तर समजायचं की जिऱ्यात भेसळ आहे. सगळी बस हसली. मीही.

खोली झकास आहे. मणिबांच्या घरात माडीवर, खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. मणिबा एकट्याच असतात. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि लोटाभर छास, आपलं ताक, पुढे ठेवली आणि माझं काठियावाडी ऐकून पदरात तोंड लपवून हसत बसल्या. पोरबंदरची माणसं बोलतात की गातात रे, म्हणाल्या. मी आणखी दोन वाक्यं मुद्दाम लांबवून म्हणून दाखवली.

थोरल्या बहिणीला, जलपाबेनला, फोन केला. तिनं एकच बजावलं, धैवत, या वेळी माणसं धरून ठेव. कॉलेज अभ्यासामुळे सुटलं नाही, हे तिला आणि मला ठाऊक आहे. आईबापूजी गेल्यापासून मला माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस. शब्द दिलाय तिला. पाळणार.

१७ फेब्रुवारी

ज्यांच्याकडे नोकरीला आलो त्या कनुकाकांच्या दलालीच्या पेढीवर रुळलो. सकाळी मार्केट यार्डात जिऱ्याचे ढीग पडतात, भोवती दलाल आणि व्यापारी. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि भाव ठरतो तो रुमालाखाली. हे बोट धरलं तर इतके, पंजा दाबला तर तितके. तोंडानं मात्र मेहुण्याच्या लग्नाच्या नाहीतर उन्हाच्या गप्पा. पलीकडच्याला कळू नये म्हणून ही तऱ्हा, पिढ्यान्‌पिढ्या.

मला दशरथ शिकवतो. पेढीवरच आहे, माझ्याहून जरा मोठा. हात काय फ्रीजमध्ये ठेवून आणतोस का, म्हणून चिडवतो. त्याचा पहिला धडा असा, की आकाश कोसळलं तरी रुमाल उचलायचा नाही. भर बाजारात कुणाचं धोतर सोडलेलं एक वेळ चालेल, म्हणे. दुपारी आम्ही दोघं एका पुडीतले गाठिये खातो. गडी लाख माणूस आहे.

२८ फेब्रुवारी

हंगाम भरात आला. डोळ्याला डोळा लागत नाही. आणि एक विचित्र गोष्ट होतेय. सगळे हसतात तेव्हा विनोद झाला हे मला उशिरा कळतं. मी हसतो तोवर बाकीचे गप्प झालेले असतात आणि माझ्याकडे बघत असतात. कुणी काय भावानं बोललं ते चेहऱ्यावरून लागत नाही. मग बोलायचंच कशाला? गाठिये आज एकट्यानं खाल्ले. दशरथ विचारत होता, रुसलास काय रे नव्या नवरीसारखा.

शेजारच्या खोलीतले भाडेकरू दिवसभर कुजबुजतात. मणिबांना म्हटलं, त्यांना जरा सांगा. त्या म्हणाल्या, तिथं कोण राहतंय बेटा, वरियाळीची, बडीशेपेची पोती आहेत. किल्ली घेऊन दाखवायलाही आल्या. पोती होती खरी. आम्ही येतोय म्हटल्यावर ती माणसं निघून जाणारच की! या वयात इतकं खोटं बोलतात, काही वाटत नाही.

६ मार्च

दशरथसुद्धा!

आज सराव करत होतो. भाव सांगून झाला, तरी त्याचं बोट माझ्या तळहातावर हलतच राहिलं. हळूहळू. तो आकडा नव्हता. हा नासका आहे, असं ते होतं. मी विचारलं, काय म्हणालास? तो म्हणाला, काही नाही यार, हात अवघडला म्हणून हलवला, डोकं तापलंय तुझं, छास पी.

छास पी! मी काय दूधपितं पोर आहे? एकदा लक्षात आल्यावर मग सगळंच दिसायला लागलं. यार्डात जिथं तिथं रुमाल. तोंड मेहुण्याच्या लग्नाचं बोलतं आणि हात माझ्याबद्दल. समोर उभ्या असलेल्या माणसाची निंदा करायला याहून सोयीची भाषा दुसरी कुठली सापडणार? आणि वर मलाच ती शिकवायची म्हणजे मी नीट ऐकावं. हरामखोर.

जलपाबेनचा फोन घेतला नाही. काय सांगू, माणसं धरून ठेवलीत?

१२ मार्च

रुमाल उचलला.

कनुकाका राधनपूरच्या व्यापाऱ्याचा हात धरून उभे होते. बोलता बोलता दोनदा माझ्याकडे बघितलं. दोनदा! माझा तोल गेला. पुढे झालो, रुमाल ओढून भिरकावला आणि ओरडलो, आता बोला माझ्याबद्दल, सगळ्यांसमोर बोला.

खाली दोन म्हातारे हात होते. एकमेकांत अडकलेले. बस.

व्यापारी हात झटकून निघून गेला. ज्याचं जिरं होतं तो शेतकरी ढिगाशेजारी मटकन बसला. कनुकाका ओरडलेही नाहीत. चाळीस वर्षांत माझा रुमाल कुणी उचलला नव्हता, एवढंच म्हणाले.

चोर पकडला की चोर असाच गरीब होतो.

१५ मार्च

नाव पाडलंय मला. रुमालखेचू. पोरं ओरडतात, मोठे हसू दाबतात. यार्डात गेलो तर कुणी हात पुढे करत नाही. जो तो हात खिशात घालतो. इथं ज्याच्या हातात कुणी हात देत नाही, तो मेलेलाच. चहावाला कप लांब ठेवून मागे सरकतो. मला काय महारोग झालाय?

कनुकाकांनी निरोप पाठवला, माताजी अंगात येणाऱ्या भुव्याकडे नेऊ, काहीतरी वळगलंय, झपाटलंय पोराला. मणिबांनी न विचारता माझ्यावरून मिरच्या ओवाळल्या. मी मिरच्या लाथेनं उडवल्या.

मग दशरथ आला, खिचडीचा डबा घेऊन. म्हणाला, भुव्याच्या नादी लागू नको. मेहसाण्याला डॉक्टर आहे, माझ्या मासीच्या मुलाला अगदी असंच झालं होतं, त्यालाही भिंती बोलायच्या, आता रिक्षा चालवतो, लग्न झालंय. हेंड, चल, मी येतो तुझ्याबरोबर, आत बसतो हवं तर.

म्हणजे मी वेडा! ज्यानं पहिल्यांदा माझ्या हातावर लिहिलं तोच मला वेडा ठरवतोय! डबा जिन्यावरून खाली फेकला. तो पायरी पायरी खिचडी गोळा करत उतरला. रडत होता. नाटकी लेकाचा.

१९ मार्च

खाली जात नाही. मणिबा ताट दाराशी ठेवतात. त्यांच्या हातचं खात नाही.

शेजारचा आता भिंतीअलीकडे आलाय. खोलीतच असतो. दिसत नाही, पण बोलतो स्पष्ट. या गावात माझ्याशी सरळ बोलणारा तोच एकटा. रुमाल नाही, बोटं नाहीत. कोण कसा आहे ते सांगतो. मणिबा कशा, दशरथ कसा. सगळं मला वाटलं होतं तसंच निघालं.

झोपू नको म्हणतो.

२१ मार्च

फोन वाजत होता. तो म्हणाला, बंद कर. केला.

म्हणतो, आता ते तुझ्या बहिणीला पुढे करतील. तिच्यासारखी दिसेल. दार उघडायचं नाही.

मी म्हटलं, बहिणीबद्दल बोलायचं नाही. तो हसला. मला ते लगेच कळलं, उशिरा नाही—

भीती वाटते. या वेळी खालच्यांची नाही.

२२ मार्च. दुपार

दाराबाहेर जलपाबेन. पोरबंदरहून बसनं. दशरथनं बोलावलं. शिंकतेय. रडतेय आणि शिंकतेय.

म्हणते, कुणाला आणलं नाही रे, मी एकटी आहे. तू म्हणशील तोवर इथंच पायरीवर बसते. मला तुझा राग आलेला नाही.

तो म्हणाला, बघ, सांगितलं नव्हतं?

मी चूप बस म्हणालो. मोठ्यानं. इतके दिवस ज्याच्या त्याच्यावर भडकलो, एकदा याच्यावर—

आता तो तिच्या आवाजात बोलतोय. खोलीत. माझ्या मागे. धैवत, बाहेर आहे ती मी नाही, मी इथं आहे.

दोन जलपाबेन. एक आत, एक बाहेर. दोघी रडतात. आतलीचा आवाज जास्त खरा आहे. आतली म्हणते उघडलंस तर मी मरेन—

बाहेरची शिंकली.

आतली शिंकत नाही.

तू खोटी आहेस. तूच खोटी, पहिल्यापासून तूच— दशरथची खिचडी— अरे देवा—

उठतोय. ती ओरडतेय. कान फाटतात. कडीला हात लावलाय, कुणीतरी मनगट धरलंय, बर्फासारखं, सोड— जलपाबेन, जाऊ नको, तिथंच थांब, मी आ